किडनी कुणाची, भीती कुणाला

ऑपरेशनच्या टेबलावर एक अमेरिकन तरुणी बांधलेली आहे आणि ती शुद्धीवर आहे. डॉक्टर तिचं पोट उघडतोय. शेजारी तिचा ब्रिटिश सोबती जखडलेला. हात चालू ठेवून डॉक्टर त्याच्याशी बोलतोय, आवाज न चढवता, विद्यार्थ्याला समजावून सांगावं तसा. श्रीमंत देशांतले लोक आमच्याकडे येतात ते घ्यायला. आजवर बरंच काही नेलं, आता आमच्या गरिबांच्या शरीरातले अवयवही नेतात. उलट दिशेने कधी काही येत नाही, म्हणून मी ही परतफेड सुरू केली आहे. तुमच्या किडन्या आणि यकृतं रिओच्या गोरगरिबांच्या रुग्णालयात जातील. हे सगळं ऐकवत तो मुलीच्या शरीरातून एकेक अवयव काढतो आणि तिथेच ती मरते.

‘टुरिस्टास’ या २००६ सालच्या हॉलिवूडपटातला हा प्रसंग. चित्रपट सुमार आहे याबद्दल फारसं दुमत नाही. पण सुमार भयपट दरवर्षी ढिगाने येतात आणि विसरले जातात. त्यांच्यावर शाई खर्च करायचं कारण नसतं. या चित्रपटावर करावीशी वाटते ती या प्रसंगामुळे. डॉक्टर जे बोलतो त्यातलं बरंचसं खरं आहे. चित्रपटाच्या हाती एक खराखुरा हिशेब लागला होता. तो त्याने एका माथेफिरूच्या तोंडी घातला, मग माथेफिरूला मारून टाकलं आणि हिशेब मिटला असं समजून पडदा पाडला. परदेशात संकटात सापडलेल्या पर्यटकांचे भयपट इतके निराश का करतात, याचं उत्तर मला या पळवाटेत दिसतं.

कथा चार ओळींत आटोपते. ब्राझीलमध्ये फिरायला आलेला एक अमेरिकन तरुण, त्याची बहीण, बहिणीची मैत्रीण, पोर्तुगीज बोलणारी एक ऑस्ट्रेलियन मुलगी आणि दोन ब्रिटिश पोरं. डोंगरातल्या रस्त्यावर बस दरीत जाते, ती जाण्याआधी प्रवासी कसेबसे उतरलेले असतात. मग जवळचा सुंदर किनारा, दारू, नाच, गुंगीचं औषध आणि सकाळी रिकामे खिसे. गावातला एक पोरगा त्यांना जंगलातल्या काकाच्या घरी नेतो. ते घर म्हणजे झमोरा नावाच्या त्या डॉक्टरचा कत्तलखाना. त्यानंतर पळापळ, रक्त, आणि काही जण वाचतात.

दिग्दर्शक जॉन स्टॉकवेल. ‘ब्लू क्रश’ आणि ‘इन्टू द ब्लू’ हे समुद्राचे चित्रपट त्याने आधी केले होते आणि पाणी चित्रित करण्यात त्याचा हात चांगलाच बसलेला होता. इथेही पाण्याखालच्या गुहांमधला भाग तेवढा अस्सल आहे. अंधार, छातीत संपत आलेला श्वास, हवेचा पुढचा कप्पा कुठे आहे ते ठाऊक नाही. तिथे प्रेक्षकाचाही श्वास अडकतो. तिथली भीती ब्राझीलची नाही, डॉक्टरची नाही, ती नुसती पाण्याची आहे, आणि म्हणून खरी वाटते. बाकी सगळी भीती उसनी आहे.

ती कुठून आणली हे लपलेलं नाही. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियाचा ‘वुल्फ क्रीक’ येऊन गेला होता. २००६ च्या जानेवारीत ईलाय रॉथचा ‘हॉस्टेल’ अमेरिकेत लागला. पन्नास लाख डॉलरच्या आत बनलेल्या या चित्रपटाने जगभरात आठ कोटींचा पल्ला गाठला. एवढा नफा दिसल्यावर स्टुडिओ गप्प बसत नाहीत. फॉक्सने तरुण प्रेक्षकांसाठी ‘फॉक्स अ‍ॅटॉमिक’ नावाची नवी शाखा काढली आणि तिचा पहिला चित्रपट म्हणून त्याच वर्षी १ डिसेंबरला ‘टुरिस्टास’ आणला. सुमारे एक कोटी डॉलर खर्च, जगभराची कमाई दीड कोटीच्या आसपास; म्हणजे व्यापार म्हणूनही गाडी रुतलीच. त्याच वर्षी डेव्हिड एडेलस्टीन या अमेरिकन समीक्षकाने या लाटेला ‘टॉर्चर पॉर्न’ असं नाव दिलं आणि ते चिकटलं. अबू घरैबच्या तुरुंगातली छायाचित्रं २००४ मध्ये बाहेर आली होती. छळ हा विषय अमेरिकन घरांत रोजच्या बातम्यांतून शिरला होता. चित्रपटगृहात तो फक्त बाजू बदलून आला. बातम्यांत छळणारे अमेरिकन होते, पडद्यावर छळले जाणारे अमेरिकन झाले.

इथे एक घोळ टाळायला हवा. ‘टुरिस्टास’ नकली आहे म्हणून वाईट आहे, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण भयपट हा प्रकारच उसनवारीवर जगतो. ‘हॉस्टेल’च्या मागे १९७४ चा ‘टेक्सास चेनसॉ मॅसकर’ आहे, त्याच्याही आधी १९७२ चा ‘डिलिव्हरन्स’ आहे. शहरातली माणसं आडवाटेला जातात आणि तिथली माणसं त्यांचा घास घेतात, ही कथा कुणाच्या मालकीची नाही. आपल्याकडचं उदाहरण ‘एनएच १०’चं. २०१५ चा हा हिंदी चित्रपट पाहताना २००८ च्या ‘ईडन लेक’ या ब्रिटिश चित्रपटाची आठवण येतेच येते. सहलीला निघालेलं जोडपं, पाठलाग, शेवटी मदतीच्या आशेने गाठलेलं नेमकं चुकीचं घर. तरीही ‘एनएच १०’ पोकळ वाटत नाही, कारण त्याने सांगाडा उचलला आणि त्यात हरियाणातल्या जातीच्या नि इभ्रतीच्या खुनांचं मांस भरलं. गुरगावच्या काचेच्या इमारतींपासून गाडीने काही तासांवर दुसराच कायदा चालतो, ही गोष्ट त्या जोडप्यालाही ठाऊक होती आणि प्रेक्षकालाही. माहीत असून दुर्लक्ष केलं, त्याची वसुली पडद्यावर होते.

‘हॉस्टेल’च्या रक्ताच्या थारोळ्यातही अशी एक वसुली आहे. त्यातली पोरं अ‍ॅमस्टरडॅममध्ये पैसे टाकून बायका विकत घेत फिरतात. स्लोव्हाकियात ती जातात ती तिथल्या मुली स्वस्त आणि सहज मिळतात असं कुणी सांगितलं म्हणून. पुढे कळतं की तिथे त्यांच्याच शरीरांचं दरपत्रक आहे आणि त्यात अमेरिकन माणूस सर्वांत महाग. सुटकेच्या धडपडीत नायक गिऱ्हाइकाच्या वेशात कपडे बदलायच्या खोलीत शिरतो, तिथे त्याला एक अमेरिकन गिऱ्हाईकच भेटतं, उत्साहाने फुलून आलेलं, अनुभव कसा होता म्हणून चौकशी करणारं. विकत घेणारा विकला गेला. रॉथने स्लोव्हाकियाची जी बदनामी केली तिच्यावर तिथे नाराजी उमटली आणि ती रास्तच होती. पण चित्रपटाचा काटा शेवटी स्लोव्हाकियाकडे वळत नाही, गिऱ्हाइकाकडे वळतो.

‘टुरिस्टास’ने ‘हॉस्टेल’चं सगळं घेतलं, हा काटा तेवढा घेतला नाही. त्याची माणसं कुणाचं काही विकत घेत नाहीत असं नाही. ब्रिटिश पोरं बायकांच्या मागे आहेत, आणि ज्या मुलीबरोबर रात्र घालवली तिने पैसे मागितल्यावर एकाला धक्काही बसतो. पण त्या व्यवहाराचा पुढच्या कत्तलीशी धागा जुळत नाही. कत्तलीचं कारण अवयवांचा व्यापार, आणि त्या व्यापाराशी या सहा जणांचा काडीचाही संबंध नाही. साहजिकच डॉक्टरचं भाषण हवेत जातं. तो एका अन्यायाचा सूड असंबद्ध माणसांवर उगवतो, म्हणून तो वेडा, आणि तो वेडा म्हणून त्याचा मुद्दाही वेडा. चित्रपटाची ही हातचलाखी नीट पाहायला हवी, कारण ज्या मुद्द्याला तो असा वेडा ठरवतो त्याला इतिहास आहे.

अवयवचोरीच्या दोन अफवा जगात हिंडत असतात आणि त्यांची दिशा एकमेकींच्या नेमकी उलट आहे. पहिली श्रीमंतांची. परगावी गेलेला माणूस बारमध्ये कुणाबरोबर तरी पेय घेतो आणि सकाळी बर्फाने भरलेल्या टबमध्ये जागा होतो, एक किडनी गायब. १९९७ मध्ये ही गोष्ट ई-मेलवरून अमेरिकेत इतकी फिरली की न्यू ऑर्लीन्सच्या पोलिसांना अधिकृत खुलासा काढावा लागला: असं काहीही घडलेलं नाही. अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनने कुणाच्या बाबतीत हे झालं असेल तर पुढे या म्हणून आवाहन केलं. कुणीही आलं नाही.

दुसरी अफवा गरिबांची. नॅन्सी शेपर-ह्यूज या मानवशास्त्रज्ञ ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका झोपडवस्तीत अनेक वर्षं काम करत होत्या. १९८० च्या दशकात तिथे बोललं जाई की मोठ्या निळ्या-पिवळ्या गाड्या वस्त्यांतून फिरतात, आत अमेरिकन किंवा जपानी असतात, ते पोरं उचलतात आणि अवयव काढून घेतात. अशा गाड्या नव्हत्या. पण ज्यांना सरकारी दवाखान्यात जिवंतपणी कुणी विचारत नाही आणि मेल्यावर ज्यांच्या देहाची किंमत अचानक वाढते, त्यांना ही गोष्ट खोटी का वाटावी, असा शेपर-ह्यूज यांचा सवाल होता. ब्राझील सरकारने १९९७ मध्ये कायदा केला की नकार नोंदवला नसेल तर प्रत्येक प्रौढ माणूस मरणोत्तर अवयवदाता समजला जाईल. कायद्याचा हेतू चांगला होता. पण लोक ओळखपत्रावर ‘दाता नाही’ असा शिक्का मारून घ्यायला रांगा लावू लागले आणि पुढच्याच वर्षी सरकारला ही तरतूद मागे घ्यावी लागली. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला वाटत होतं की एकदा आपला देह सरकारच्या नावावर गेला की डॉक्टर आपल्याला वाचवण्याची घाई करणार नाहीत.

या दुसऱ्या अफवेने एका पर्यटकाचा खरोखर घात केला आहे. १९९४ च्या मार्चमध्ये ग्वाटेमालाच्या एका गावात एका अमेरिकन बाईला जमावाने इतकं मारलं की ती कोमात गेली. तिने एका लहान मुलाला कुरवाळलं, त्याच सुमारास दुसरं एक मूल दिसेनासं झालं, आणि ती अवयवांसाठी मुलं पळवणारी असल्याची बोंब उठली. परदेशात संकटात सापडलेला पर्यटक आणि अवयवांची चोरी, ‘टुरिस्टास’चे दोन्ही घटक इथे हजर आहेत. फक्त या खऱ्या घटनेत गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर चोर होता तो पर्यटक. बाई निरपराध होती आणि जमावाचं कृत्य अमानुष होतं. पण त्या जमावाच्या डोक्यातली भीती कुठून आली हा प्रश्न कुणी चांगला दिग्दर्शक सोडणार नाही. ‘टुरिस्टास’ने तो विचारलाच नाही. त्याने संवाद गरिबांच्या अफवेतून घेतले, दृश्यं श्रीमंतांच्या अफवेतून घेतली, आणि कॅमेरा बर्फाच्या टबाशेजारी ठेवला.

आता पावत्या कुणाकडे आहेत ते पाहू. चित्रपट यायच्या तीन वर्षं आधी, २००३ च्या अखेरीस, ब्राझीलच्या रेसिफे शहरात पोलिसांनी एक टोळी पकडली. शहराच्या गरीब वस्त्यांतले पुरुष ती हेरायची, तपासण्या करायची आणि विमानाने दक्षिण आफ्रिकेच्या डर्बन शहरात पाठवायची. तिथल्या एका नामांकित खासगी रुग्णालयात त्यांची किडनी काढून मुख्यतः इस्रायलहून आलेल्या रुग्णांना बसवली जाई. सुरुवातीला एका किडनीला दहा हजार डॉलर मिळत. बातमी पसरली, विकणारे वाढले, भाव कोसळला आणि शेवटी तीन हजारांवर आला. २०१० मध्ये नेटकेअर या रुग्णालय कंपनीच्या डर्बनकडच्या शाखेने न्यायालयात गुन्हा कबूल केला: २००१ ते २००३ या काळात १०९ बेकायदा प्रत्यारोपणं, आणि दात्यांमध्ये पाच अल्पवयीन मुलं.

जंगल नाही, पिंजरा नाही, आरडाओरडा नाही. गरीब माणूस आपल्या पायांनी विमानात चढला, स्वच्छ खोलीत झोपला आणि बरगडीखाली टाके घेऊन परतला. अवयव उत्तरेकडे गेले, श्रीमंतांकडे. झमोरा जे बोलतो ते ‘टुरिस्टास’चं चित्रीकरण सुरू होण्याआधीच तपासाच्या कागदांवर उतरलेलं होतं, तेही ब्राझीलच्याच पोलिसांच्या. पटकथेला इतकी ऐवजदार गोष्ट दारात मिळालेली असताना तिने ती उलटी टांगली.

ही गोष्ट मराठी वाचकाला दूरची वाटायचं कारण नाही. १९८० च्या दशकात मुंबई हे किडनीच्या बाजाराचं जगभर ठाऊक असलेलं ठिकाण होतं. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने संयुक्त अरब अमिरात आणि ओमान इथल्या सव्वाशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास छापला. हे सगळे मुंबईत येऊन किडनी विकत घेऊन गेले होते आणि त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण चिंताजनक होतं. तेही प्रवासीच. येताना पैसे आणले, जाताना कुणाचा तरी अवयव नेला, आणि त्यांपैकी कितीतरी जण त्यातून वाचलेही नाहीत. भयपटाला लागतं ते सगळं या एका अभ्यासात आहे, आणि त्यात सगळेच हरतात.

देशात १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला त्याची सुरुवातही इथूनच. या विषयावर संसदेला थेट कायदा करता येत नव्हता. राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून विनंती करायची होती. ती केली महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तीन राज्यांनी. कायद्याने विक्रीवर बंदी घातली. जवळच्या नातलगाला किडनी देता येईल, नातं नसेल तर प्रेम किंवा जिव्हाळ्यापोटी देत असल्याचं प्राधिकार समितीला पटवावं लागेल. बाजार मग त्या जिव्हाळ्याच्या दारातून आत येऊ लागला. २०१६ मध्ये मुंबईत उघडकीला आलेल्या एका प्रकरणात किडनी देणारी बाई रुग्णाची पत्नी असल्याची खोटी कागदपत्रं तयार केलेली होती.

विकणाऱ्यांचं पुढे काय होतं, तेही मोजलेलं आहे. २००२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात चेन्नईच्या ३०५ जणांचा अभ्यास आला. त्यांच्यापैकी ९६ टक्के लोकांनी किडनी विकली ती कर्ज फेडण्यासाठी. हाती सरासरी १०७० डॉलर पडले. नंतर त्यांच्या कुटुंबाचं उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटलं, बहुतेकांची तब्येत ढासळली, आणि कर्ज बऱ्याच जणांच्या मानगुटीवर तसंच राहिलं. दुसऱ्याला हा सल्ला द्याल का, या प्रश्नाला ७९ टक्क्यांनी नाही म्हटलं. ‘टुरिस्टास’ अमेरिकेत लागला त्यानंतर महिनाभराने, जानेवारी २००७ मध्ये, त्सुनामीने देशोधडीला लागलेल्या कोळी बायकांनी उत्तर चेन्नईच्या पुनर्वसन वस्तीत किडन्या विकल्याच्या बातम्या आल्या. अमेरिकेत लोक तिकीट काढून गोऱ्या मुलीच्या किडनीसाठी घाबरत होते, तेव्हा इकडे या बायका दलालांकडून उरलेले पैसे वसूल करायला धडपडत होत्या.

यावर एक आक्षेप हमखास येईल. भयपटाकडून एवढी अपेक्षा कशाला? पोरं दीड तास किंचाळायला जातात, त्यांना समाजशास्त्र कशाला पाजायचं? आक्षेप खोटा नाही. कोणत्याही भयपटाने अन्यायाची नोंदवही ठेवलीच पाहिजे असं माझंही म्हणणं नाही. पाण्यातल्या शार्कला भूमिका नसते आणि ती नसावी. पण ‘टुरिस्टास’ने शार्क निवडला नाही. त्याने स्वतःहून भूमिका असलेला माणूस निवडला, त्याला वैद्यक शिकवलं, पाच-सात मिनिटं बोलायला दिली आणि त्याच्या तोंडून जगाच्या विषमतेबद्दल युक्तिवाद करवला. नुसती कत्तल पोकळ वाटेल म्हणून गांभीर्याचा मुलामा हवा होता. तो मुलामा चित्रपटाने स्वतःच मागून घेतला. मग आत काय धातू आहे ते खरवडून पाहायचा हक्क प्रेक्षकाला मिळतोच.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो आणि तो अधिक नाजूक आहे. ब्राझीलमध्ये चित्रपटाविरुद्ध संताप उसळला, आणि नायकाचं काम करणाऱ्या जॉश डुहामेलने अमेरिकन टीव्हीवर ब्राझीलची माफीही मागितली. राग समजण्यासारखा आहे. चित्रपटातल्या ब्राझीलमध्ये नदी, किनारा, नाच, वेश्या, चोर आणि कसाई एवढंच आहे. शाळा, कचेरी, वर्तमानपत्र, गावचा एखादा धड फौजदारही नाही. ज्या देशाच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने गरिबांसाठी मोफत प्रत्यारोपणाचा जगातला एक मोठा कार्यक्रम उभा केला, त्या देशाच्या गरिबांना किडनी मिळवून द्यायला जंगलातला खुनी लागतो, हा अपमान आहेच. पण रागाचा बराचसा रोख पर्यटनाचं नुकसान होईल यावर राहिला, आणि तिथे मला तो तोकडा वाटतो. ‘आमचा देश सुरक्षित आहे, या’ हे उत्तर गिऱ्हाइकाला दिलेलं उत्तर आहे. त्यात रेसिफेच्या विमानात बसलेल्या माणसाला जागा नाही. हॉलिवूडने त्याला वगळलं आणि देशाची अब्रू राखणाऱ्यांनीही वगळलं. जाहिरातीतलं ब्राझील आणि भयपटातलं ब्राझील ही दोन्ही पर्यटकाच्याच नजरेतून दिसलेली ब्राझील आहेत. एकात यजमान हसतो, दुसऱ्यात सुरी काढतो, आणि दोन्हींत त्याला पर्यटकाखेरीज दुसरा उद्योग नाही.

यजमानाला स्वतःचा उद्योग असला की याच सांगाड्यातून थोर चित्रपट होतात. १९७३ च्या ‘द विकर मॅन’मध्ये स्कॉटलंडच्या बेटावर आलेला पोलीस अधिकारी मारला जातो, पण बेटावरच्या लोकांना श्रद्धा आहे, शेती आहे, बुडालेलं पीक आहे, गाणी आहेत. त्यांच्या दृष्टीने ते चूक करत नाहीत, आणि तिथेच अंगावर काटा येतो. १९८८ चा ‘द व्हॅनिशिंग’ हा डच चित्रपट तर फ्रान्सच्या महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर, भर दुपारी, गर्दीत घडतो. खलनायक रसायनशास्त्राचा शिक्षक आहे, बायकामुलांत रमणारा. पर्यटक परका आहे म्हणून तो संकटात येत नाही. जग सगळ्यांसाठीच असं आहे, त्याला ते परक्या जागी कळतं एवढंच. मराठीतला विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ घ्या. शहरातली गरोदर बाई उसाच्या फडांनी वेढलेल्या घरात येते. घराने पोटातच मारलेल्या मुलींचा हिशेब त्या फडांत दडलेला आहे. त्या उसाची भीती वाटते कारण तो ऊस आपला आहे, आणि त्या घरातला गुन्हा खेड्यापुरता नाही हे शहरातल्या सोनोग्राफीच्या यंत्रांना चांगलं ठाऊक आहे.

‘टुरिस्टास’च्या शेवटी वाचलेले तिघे विमानतळावर रांगेत उभे असतात. मागे कुणी तरी बसने जावं की विमानाने याची चर्चा करत असतं, आणि नायक मागे वळून सांगतो: विमानाने जा. सुरुवातीलाही त्याला विमानच हवं होतं. बहिणीला देश पाहायचा होता म्हणून बस घेतली. म्हणजे एवढं रक्त सांडून चित्रपट ज्या निष्कर्षाला पोचतो तो नायकाचं पहिल्या मिनिटाचं मत आहे. त्याला काही कळलं नाही, त्याचं काही बदललं नाही, तो फक्त बरोबर ठरला. देश पाहू नका, वरून जा. भयपटाने माणसाला घाबरवून जागं करावं. इथे घाबरवून पुन्हा झोपवलं आहे.

आणि आता हा सल्ला आपल्यालाही लागू होऊ लागलाय. गेल्या तीस वर्षांत मराठी मध्यमवर्गही पर्यटक झाला आहे. सहल कंपनीच्या बसमधून बँकॉक-पट्टाया, बाली, केनिया, युरोप. रात्री जेवायला वरणभात, आणि ‘तिकडचे लोक फार लुबाडतात हं’ हा आधीच पाठ झालेला सल्ला. त्याच वेळी आपण यजमानही आहोत. गोव्याच्या किनाऱ्यावर, कोकणातल्या घरगुती निवासांत, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत परदेशी रुग्णांसाठी राखलेल्या मजल्यांवर. पर्यटकाची भीती आणि यजमानाचं नुकसान या दोन्ही गोष्टी ज्याच्या घरात आहेत असा प्रेक्षक अमेरिकेपेक्षा इथे जास्त सापडेल.

म्हणून हॉलिवूडला नावं ठेवून थांबणं मला अपुरं वाटतं. किडनीचा भयपट लिहायला लागणारी सामग्री ब्राझीलच्या जंगलात शोधायची गरज नाही. प्राधिकार समितीची एक खोली पुरे. टेबलाच्या अलीकडे एक बाई बसली आहे, गळ्यात कालच घातलेलं मंगळसूत्र. ‘नवऱ्या’चा वाढदिवस, सासूचं माहेर, लग्नात जेवायला काय होतं, सगळं दलालाने पाठ करून घेतलंय. समोरचे डॉक्टर प्रश्न विचारतात, तिला उत्तरं येतात, आणि उत्तरं बरोबर आहेत म्हणूनच ती वाचणार नाही. कॅमेरा तिच्या बाजूला ठेवला तर वेड्या डॉक्टरची, गुहेची, कुणाच्याही भाषणाची आवश्यकता उरत नाही. ‘टुरिस्टास’ला हे जमलं नाही कारण त्याला अशा बाईचं नाव विचारण्यात रस नव्हता. ज्या तीन राज्यांनी संसदेकडे हा कायदा मागितला तिथल्या लेखक-दिग्दर्शकांना ती सबब चालणार नाही.